पोखरणीवरचं ऊन पाणी

“पण महाराज, मीच का?”

निरंजनबुवांनी डोळे उघडले नाहीत.

“गावात दुसरं कोणी नाही का त्याला न्यायला?”

“आहे ना. मी आहे. तुझे गुडघे देतोस मला?”



तो मूळचा वाईचा. दशग्रंथी घराण्यातला. वयाच्या विशीतच पाठशाळेतल्या वादात त्यानं भल्याभल्यांना निरुत्तर केलं होतं, आणि आता उपनिषदं ऐकायची तर बुवांच्याच तोंडून, असा हट्ट धरून घाट उतरून समुद्रकाठच्या केळशेतला आला होता. पावसाळा सरला, नवरात्र झालं. बुवांनी अजून एक मंत्रही सांगितला नव्हता. अंगण झाडायला सांगितलं, ते त्यानं झाडलं. गाईचं शेण काढायला सांगितलं, तेही काढलं. पण आज जे सांगितलं ते त्याच्या घशाखाली उतरेना.

गावाच्या दक्षिण टोकाला एलोजी केळशेतकर राहत. बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले यहुदी. घरचा तेलाचा घाणा, आणि शनिवारी तो बंद; म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणे. मुलं एकेक करून मुंबईला गेली. बायको शेगुलाबाई वारल्या, आणि मागोमाग एलोजींची नजर गेली.

तेव्हापासून ऊन कललं की निरंजनबुवा मठातून निघायचे, एलोजींना त्यांच्या ओसरीवरून उठवायचे, आणि दोघं म्हातारे हातात हात घालून समुद्राकडे जायचे. गावाला त्याचं नवल उरलं नव्हतं. नीळकंठाला होतं. एवढा अधिकारी पुरुष, आणि हात कुणाचा धरतो!

यंदा आश्विनात बुवांचे गुडघे धरले. मठाची पायरीही उतरवेना.

“महाराज, त्यांच्यात खाणंपिणं सगळं वेगळं. वाटेत ते त्यांच्या कबरस्तानात जातात म्हणे. मला ते...”

“तुला काय?”

“मला ते चालत नाही.”

“तू कुठे चालायचंस? त्याला चालवायचंय,” बुवा म्हणाले आणि कुशीवर वळले.

* * *

एलोजी ओसरीवर बसले होते. डोक्याला काळी गोल टोपी, पायात वहाणा, गुडघ्यांमध्ये काठी. पावलं वाजली तशी त्यांनी मान वर केली.

“बुवा नाहीत हे. कोण?”

“मठातून आलोय. तुम्हाला न्यायला.”

“पाऊल तरणं आहे.” म्हाताऱ्यानं हात पुढे केला.

नीळकंठानं तो धरला नाही. अंगणात उभ्या उभ्या म्हणाला, “काठी द्या. या टोकाला मी धरतो, त्या टोकाला तुम्ही धरा.”

एलोजींचा हात क्षणभर तसाच राहिला. मग त्यांनी तो मागे घेतला आणि काठी पुढे केली.

“ब्राह्मण दिसतोस.”

“हो.”

“बरं. चल, भटजी.”

वाट सुरूच्या बनातून जायची. बनाच्या अलीकडे एक बुटका दगडी गडगा, आत थडगी. समुद्रावर पोचलं की एलोजी वाकून वाळूतला एक खडा उचलायचे, परतताना गडग्यापाशी काठी सोडायचे, आणि हातानं चाचपत एकटेच आत जायचे. खडा शेगुलाबाईंच्या थडग्यावर ठेवायचा, ही त्यांची रीत. नीळकंठ तोवर गडग्याकडे पाठ करून उभा राहायचा. आत त्यानं कधी पाहिलंही नाही.

त्यांना घरी सोडलं की तो सरळ मठामागच्या पोखरणीवर, त्या लहानशा तळ्यावर जायचा. तीन बुड्या मारायचा. ओलेत्यानं मंत्र म्हणायचा. मगच मठाची पायरी चढायचा.

बुवा पाहायचे.

* * *

पण रोज बरोबर चालणाऱ्या माणसाशी किती दिवस न बोलता चालणार?

पहिल्यांदा एलोजीच बोलायचे. वाऱ्याच्या वासावरून सांगायचे, आज ओहोटी खोल गेलीय. कुठल्याशा पाखराचा आवाज आला की थांबायचे आणि नीळकंठालाच विचारायचे, “कुठलं रे हे? मला आवाज ठाऊक आहे, नाव विसरलो.” नीळकंठाला नावही ठाऊक नसायचं, आवाजही.

मग नीळकंठ बोलायला लागला. वाईची कृष्णा, पाठशाळेतले गुरुजी, लहानपणी घाटावर पाय घसरून पडला होता ते. आईची आठवण येते हे त्यानं मठात कुणाला सांगितलं नव्हतं. सुरूच्या बनात, काठीच्या दुसऱ्या टोकाला सांगितलं.

“पत्र लिही तिला,” एलोजी म्हणाले.

“संन्यासाची इच्छा धरून आलोय, आजोबा. पत्रं लिहून कसं चालेल?”

आजोबा म्हणालो, हे त्याच्या उशिरा लक्षात आलं. एलोजींच्या आधीच आलं होतं. ते नुसते हसले.

“भटजी, शनिवारी आमचा देव कुणालाच काम करू देत नाही. बैलालासुद्धा नाही. तुझा देव तुला आईला पत्रसुद्धा लिहू देत नाही? मग माझा बरा की रे.”

नीळकंठ मोठ्यानं हसला. हसता हसता काठी हलली, आणि दुसऱ्या टोकाला म्हातारा डगमगला. त्याला सावरायला नीळकंठाचा हात पुढे गेला... आणि मधेच थांबला. एलोजी आपले आपणच सावरले.

त्या दिवशीही त्यानं तीन बुड्या मारल्या.

पाणी डोक्यावरून जाताना क्षणभर त्याला वाटलं, आपण हे काय धुतोय? पण आचार तो आचार. थडग्यांजवळून आलो की आंघोळ करायचीच असते, असं त्यानं स्वतःला समजावलं. ज्या दिवशी पाय दुखतात म्हणून एलोजी नुसतेच ओसरीवर गप्पा मारत बसले, त्याही दिवशी त्यानं आंघोळ केली. तेव्हा मात्र काही समजावलं नाही.

* * *

मार्गशीर्ष लागला. पोखरणीचं पाणी बर्फासारखं झालं. नीळकंठाला खोकला लागला; चालता चालता ढास लागली की काठी थरथरायची.

आणि एके संध्याकाळी पोखरणीच्या पायरीवर तांब्याचं मोठं घंगाळ दिसलं. पाण्यातून वाफा निघत होत्या. बाजूला गोमाबाय उभी. ही गावातली आगरी बाई. मठाचं अंगण सारवायची, आणि राहायची एलोजींच्या शेजारी.

“ऊन पानी हाय, भटजीबुवा. घ्या.”

“माझ्यासाठी?”

“दुसरा कोन न्हातो हितं तिन्हीसांजंला?”

पाणी पोखरणीचंच, वर अग्नीचा संस्कार झालेला. दोष नाही, असा नीळकंठानं मनाशी निर्वाळा दिला. पहिला तांब्या अंगावर पडला तेव्हा त्याचे डोळे मिटले. किती बरं वाटलं!

दुसऱ्या दिवशी घंगाळ होतं. तिसऱ्या दिवशीही. नीळकंठाची छाती भरून आली. विद्येला, तपाला अजून मान आहे. परक्या गावातली अडाणी बाई, पण ब्राह्मणाची सेवा करावी हे तिला कळतं!

हे त्यानं एलोजींनाच सांगितलं. वाळूवरून चालताना.

“गावात श्रद्धा आहे, आजोबा. माझ्यासाठी रोज ऊन पाणी काढून ठेवतात.”

“असं?”

“न सांगता. आपण होऊन.”

“चांगलं आहे.” म्हाताऱ्यानं पायानं ओली वाळू चाचपली. “पुरेसं ऊन असतं ना?”

“कढत असतं.”

“मग खोकला उतरेल,” एलोजी म्हणाले, आणि खडा उचलायला वाकले.

त्याच दिवशी, कशावरून कुणास ठाऊक, त्यांनी आपल्या घरातली एक गोष्ट सांगितली.

“आमच्यातही गोरे इस्राएल आणि काळे इस्राएल असतात, भटजी. आम्ही गोरे म्हणवायचो. शेगुला काळ्यांतली. मी हट्टानं केली. माझी आई शेवटपर्यंत तिच्या हातचं पाणी प्यायली नाही. शेगुला रोज तांब्या भरून आईच्या उशाशी ठेवायची. आई तो रोज ओतून टाकायची.”

“मग आजी कशाला ठेवायच्या?”

“मीही विचारलं होतं एकदा.”

“काय म्हणाल्या?”

“म्हणाली, रात्री तहान लागली तर?”

नीळकंठाला एलोजींच्या आईचा राग आला. खरंच आला. काय ही माणसं, असं त्याच्या मनात आलं. आणि संध्याकाळी त्यानं घंगाळातलं पाणी तांब्या तांब्यानं, सावकाश, अंगावर घेतलं.

* * *

पौषाच्या अखेरीला मुंबईहून धाकटा मुलगा शिमशोन आला. सगळं कुटुंब इस्राएलला निघालं होतं. बोटीची तयारी झाली होती. म्हाताऱ्याला एकट्याला मागे कुठं ठेवायचं?

“तुम्हाला जायचंय, आजोबा?” नीळकंठानं विचारलं.

“नातवंडं जातायत.”

“ते नव्हे. तुम्हाला?”

एलोजींनी तोंड लाटांकडे वळवलं. समुद्र गाजत होता.

“उद्या दुपारच्या भरतीला लाँच सुटेल,” ते म्हणाले. “तू सकाळी येशील ना? रोजच्यासारखं फिरून येऊ. ऊन चढायच्या आत.”

“येतो.”

त्या संध्याकाळी नीळकंठ जड मनानं पोखरणीवर आला. पायरीवर घंगाळ नव्हतं. गोमाबाय मठाच्या अंगणात केरसुणी आपटत होती.

“गोमाबाय, आज पाणी नाही?”

“लाकडां सरली, भटजीबुवा.”

“एवढ्यात सरली?”

“एवढ्यात कशी? म्हैना झाला जळतायत. घाना केवढा नि किती पुरनार?”

“कसला घाणा?”

बाईनं केरसुणी थांबवली.

“एलोजीआजाचा! तुमाला म्हाईत नाय? आजानं फोडून दिला ना मना. म्हनला, मुंबैचा कागद आला, मी जानार, आता कोन फिरवनार तो. त्या पोराला खोकला झालाय, त्याला रोज ऊन पानी दे. तेल प्यालेला लाकूड, असा भडकन पेटायचा!”



“त्यांना... त्यांना कसं कळलं, मी इथं आंघोळ करतो?”

“मीच सांगलं. आजा विचारत व्हता, पोर खोकतो का? म्हनलं, तुमाला सोडून आला की गार पान्यात बुडतो, म्हून खोकतो.”

“मग? काय म्हणाले?”

“काय नाय. मग म्हनला, गोमा, पानी पोखरणीचाच घे हां, माझ्या घरचा नको. त्याला चालनार नाय.”

बाई पुन्हा झाडायला लागली. तिला त्यात विशेष काही वाटलं नव्हतं.

नीळकंठाच्या कानशिलांत आग झाली. कढत असतं, असं आपण म्हणालो होतो. त्यांच्याच तोंडावर! गावात श्रद्धा आहे, म्हणालो होतो... त्या संध्याकाळी त्यानं आंघोळ केली नाही, पण तो बुवांसमोरही गेला नाही. गोठ्यात जाऊन बसला. गाईनं मान वळवून पाहिलं, तरी त्याला तोंड लपवावंसं वाटलं.

* * *

सकाळी तो गेला तेव्हा एलोजींचं अंगण माणसांनी भरलं होतं. शेजारीपाजारी निरोप द्यायला आले होते. शिमशोन ट्रंकांना दोरखंड आवळत होता, सून बोचकी बांधत होती. जिथं घाणा होता तिथं कोपऱ्यात गोल खळगा तेवढा उरला होता. रोज या अंगणात येऊनही तो खळगा नीळकंठाला कधी दिसला नव्हता.

एलोजी ओसरीवर बसले होते. डोक्याला टोपी, पायात वहाणा, गुडघ्यांमध्ये काठी.

नीळकंठ धावत गेला आणि त्यांच्या पायांवर पडला.

“आजोबा, मला क्षमा करा!”

अंगणातली माणसं जवळ सरकली.

“मला कळलं सगळं. घाणा फोडलात! माझ्या आंघोळीसाठी... मी पापी आहे. मी तुमच्या सावलीनं बाटतो, असं समजत होतो.”

“अरे, ऊठ, ऊठ...”

“मी तुम्हाला आजोबा म्हणत होतो आणि आंघोळ करत होतो!”

तो बोलत राहिला. रडत, हुंदके देत, पहिल्या दिवसापासून सगळं सांगत राहिला. कोणत्या दिवशी काय मनात आलं, कुठं हात मागे घेतला, काहीच त्यानं ठेवलं नाही. बायकांनी डोळ्यांना पदर लावले. एलोजींचा हात हवेत त्याचं डोकं शोधत होता. शेवटी सापडलं.

“पौषात गार पाणी बरं नव्हे,” म्हातारा हळूच म्हणाला. “आई तुझी वाईला. तुला सांगणार कोण?”

त्यानं नीळकंठ आणखीच फुटला.

“मला पाणी द्या, आजोबा. तुमच्या घरचं. सगळ्यांच्या देखत द्या.”

सुनेनं तांब्या आणून दिला. नीळकंठानं तो दोन्ही हातांत धरला, उभा राहून गटागटा प्याला. पाणी हनुवटीवरून छातीवर ओघळलं. मागून कुणीतरी म्हणालं, “धन्य आहे पोराची!” ते त्यानं ऐकलं. ऐकून अंगावर काटा आला, आणि तो काटा त्याला सुखाचा वाटला.

“झालं?” एलोजींनी विचारलं. “बरं वाटतंय?”

“हो, आजोबा.”

“मग...” म्हाताऱ्यानं काठीचं टोक पुढे केलं. रोजच्यासारखं.

नीळकंठानं ते टोक धरलं. कपाळाला लावलं. मग ती काठी हळूच एलोजींच्या हातातून सोडवून घेतली आणि भिंतीला टेकवून ठेवली.

“नको, आजोबा. आता आपल्यामध्ये काठी नको.”

अंगणातल्या माणसांनी माना डोलावल्या. एलोजींची बोटं काठीच्या जागी क्षणभर तशीच मिटलेली राहिली.

“बरं,” ते म्हणाले.

नीळकंठानं पुन्हा एकदा त्यांचे पाय धरले आणि तो वाऱ्यासारखा मठाकडे निघाला. कधी एकदा बुवांना सांगतो, असं त्याला झालं होतं.

* * *

बुवांचा जप संपेपर्यंत नीळकंठाला दाराशी थांबावं लागलं; ऊन माथ्यावर आलं, तेव्हा बुवा खाटेवर पडले होते. डोळे मिटलेले.

“महाराज, सगळं सांगून आलो.”

“कुणाला?”

“एलोजीआजोबांना. काही लपवलं नाही. त्यांच्या घरचं पाणी प्यालो. गावासमोर.”

“मग?”

“मन हलकं झालं, महाराज. इतकं हलकं कधीच झालं नव्हतं.”

“तुझं.”

“हो.”

“आणि तो? काय म्हणाला?”

“काही नाही. त्यांनी काठी पुढे केली. मी ती कपाळाला लावली आणि भिंतीशी ठेवून दिली.”

बुवांनी डोळे उघडले.

“काठी कशाला पुढे केली होती त्यानं?”

“रोजच्यासारखीच...” नीळकंठ म्हणाला.

“पायात वहाणा होत्या?”

“...होत्या.”

“डोक्याला टोपी?”

“...होती.”

“कुठं निघाला होता तो?”

बाहेर गाईनं दाव्याला हिसडा दिला. घंटा वाजली आणि थांबली.

“तो पुन्हा केळशेतला यायचाय का रे?”

नीळकंठाला आठवलं. रोजच्यासारखं फिरून येऊ, म्हणाले होते. ऊन चढायच्या आत. शेगुलाबाई... शेवटचं.

“मी... मी रडत होतो, महाराज. माझ्या लक्षात...”

बुवा त्याच्याकडे पाहत राहिले. आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

“म्हणजे आज पुन्हा तू आंघोळच करून आलास.”

* * *

तो पळत सुटला.

एलोजींच्या दाराला कुलूप होतं. चौकटीवर त्यांच्या प्रार्थनेची छोटी डबी ठोकलेली असे; ती काढून नेली होती, तिथल्या लाकडावर फिकट पट्टा उरला होता. पायरीवर गोमाबाय एकटी बसली होती.

“गेले सगळे?” नीळकंठानं विचारलं.

“गेली. आजा लय येळ बसला व्हता, वहाना घालून. शिमशोन म्हनला, चला बाबा, मी नेतो बनात. आजा म्हनला, नको, भटजी येल. काठी ठेवलीय त्यानं, घ्यायला येल.” तिनं नाक पुसलं. “मग भरती झाली. गाडीत बसवला त्याला.”

नीळकंठ धक्क्यावर पोचला तेव्हा लाँचनं खुंटाचा दोर सोडला होता. मधे पाण्याचा पट्टा रुंदावत होता. ट्रंकांच्या ढिगाशेजारी एलोजी बसले होते, शिमशोनच्या खांद्याला धरून.

“आजोबा!”

काळी टोपी हलली. म्हाताऱ्यानं तोंड धक्क्याकडे वळवलं, पण थोडं चुकीच्या बाजूला.

“आजोबा, मी इथं! मी आलोय!”

तोंड बरोबर त्याच्याकडे वळलं. एलोजी काहीतरी ओरडून म्हणाले. इंजिनाच्या धडधडीत ते विरून गेलं. त्यांनी पुन्हा म्हटलं. पुन्हा ऐकू आलं नाही.

लाँच खाडीच्या तोंडाशी वळली.

धक्क्यावरची माणसं पांगली. कुणीतरी नीळकंठाच्या खांद्यावर थोपटून म्हणालं, “सकाळी चांगलं केलंत हो, भटजी.” त्यानं मान खाली घातली. त्याला वाटलं, या माणसानं त्यापेक्षा थोबाडीत दिली असती तर...

तिथून तो समुद्रावर गेला. वाळूतला एक खडा उचलला आणि सुरूच्या बनाकडे वळला.

गडग्यापाशी आल्यावर, सवयीनं, त्याचे पाय थांबले. मग तो आत गेला.

आत गेल्यावर त्याला कळलं. इतके महिने तो इथं येत होता, आणि शेगुलाबाई कुठं आहेत ते त्याला ठाऊक नव्हतं. सगळा वेळ पाठ करून उभा होता ना! एलोजी डावीकडे जायचे की उजवीकडे, तेही नाही. थडगी सगळी सारखी. काळे दगड, शेवाळलेले, काही कललेले. काहींवर अक्षरंच नव्हती. काहींवर होती ती त्याला येत नव्हती. दशग्रंथी नीळकंठ एकेका दगडापुढे वाकून बोटांनी अक्षरं चाचपत राहिला, आणि एकही अक्षर त्याच्याशी बोललं नाही.

कुठं कुठं खडे पडलेले दिसले. पण वाऱ्यानं, सुरूच्या फळांनी, पाखरांनी ते इकडचे तिकडे झालेले. हे तिचेच, असं म्हणता येईना.

हातातला खडा ओला झाला होता. नीळकंठ मधोमध उभा राहिला. आपण कुणाच्या पाया पडलो, कुणाचं पाणी प्यालो, आणि कुणाचं काय हिरावून घेतलं... इथं बघायला कोणी नव्हतं. रडूही आलं नाही.

मग त्यानं जवळच्या दगडावर तो खडा ठेवला. पुन्हा समुद्रावर गेला. धोतराचा ओचा करून खडे भरून आणले. वाकून, हातानं पालापाचोळा बाजूला करून, एकेका दगडावर एकेक ठेवत गेला. लहान मुलांची थडगी होती, तिथंही ठेवला. एक थडगं जमिनीत पार रुतलं होतं, ते उकरून काढलं आणि त्यावर ठेवला.

सूर्य समुद्राला टेकला तेव्हा तो मठात आला. नखांत माती होती. पोखरणीवरूनच आला, पण थांबला नाही.

बुवा खाटेवर उठून बसले होते, दाराकडे तोंड करून. त्यांचे डोळे लाल होते. नीळकंठाला तेव्हा कुठे दिसलं: मित्र गेला होता तो या म्हाताऱ्याचा. रोजची ती वाट आपल्या हातानं त्यांनी नीळकंठाला दिली होती.

“गेला?”

“गेले. मला उशीर झाला, महाराज.”

“काही म्हणाला?”

“म्हणाले. मला ऐकू आलं नाही.”

नीळकंठ आत येऊन खाटेशी उभा राहिला.

“मी बनात गेलो होतो. पण आजींची जागा... मला ठाऊकच नव्हती. मग सगळ्यांवर खडे ठेवून आलो.”

बुवांनी त्याच्या नखांतली माती पाहिली.

“तुम्ही इतकी वर्षं गेलात त्यांच्याबरोबर. तुम्हाला ठाऊक आहे.” नीळकंठानं हात जोडले. “त्यातलं शेगुलाआजींचं कोणतं, तेवढं सांगा, महाराज. उद्यापासून मी...”

बुवांनी पाय खाटेवर ओढून घेतले आणि कुशीवर वळले.

“सांगणार नाही,” ते भिंतीकडे पाहत म्हणाले. “उद्याही सगळ्यांवर ठेव.”